विश्लेषण : सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांनी सर्वांत मोठे प्रवासी विमान कसे रखडवले? ‘ए-३८०’चा धडा आज का महत्त्वाचा?

जुन्या संगणकावर ‘श्रीलिपी’ किंवा ‘शिवाजी’ फॉन्टमध्ये टाइप केलेले पत्र नव्या संगणकावर उघडले, की मराठीऐवजी भलतीच अक्षरे दिसतात. हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. पत्र बिघडले तर फार तर ते पुन्हा टाइप करावे लागते. पण हाच प्रकार विमानाच्या, पुलाच्या किंवा कारखान्यातील यंत्राच्या आराखड्याबाबत घडला तर? एअरबस या युरोपीय कंपनीला या प्रश्नाचे उत्तर २००६ मध्ये मिळाले. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या दोन देशांत वापरल्या गेल्या आणि जगातील सर्वांत मोठे प्रवासी विमान जवळपास दोन वर्षे उशिरा ग्राहकाच्या हाती पडले. संगणक आणि सॉफ्टवेअर बदलण्याची घाई आज पुन्हा सर्वत्र सुरू आहे. अशा वेळी त्या प्रकरणात नेमके काय चुकले, हे समजून घ्यायला हवे.

चर्चा आत्ताच का?

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’साठीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पैसे भरून किंवा ठरावीक अटींवर काही काळ सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे, पण ती तात्पुरती. ‘विंडोज ११’च्या अटी अनेक जुने संगणक पूर्ण करत नाहीत. त्यामुळे कंपन्या, डिझाइन कार्यालये आणि लहान वर्कशॉप यांना संगणकच बदलावे लागत आहेत. संगणक बदलला, की त्यावरचे जुने डिझाइन सॉफ्टवेअरही बहुतेक वेळा बदलावे लागते. त्यात सॉफ्टवेअर विकत घेण्याची पद्धतही बदलली आहे. ‘ऑटोकॅड’ बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने २०१६ पासून आपल्या बहुतांश उत्पादनांचे कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले आणि वर्षाच्या भाड्याची पद्धत आणली. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. परिणामी ‘आहे त्या आवृत्तीवर दहा वर्षे काम करू’ असे म्हणणे दिवसेंदिवस अवघड होत आहे.

नवी आवृत्ती घेण्याचा खर्च सर्वांना दिसतो. जुनी कामे नव्या आवृत्तीत सुखरूप नेण्याचा खर्च मात्र अंदाजपत्रकात सहसा धरलेलाच नसतो. एअरबसला नेमका तोच महागात पडला.

‘ए-३८०’ची बांधणी कशी होत होती?

एअरबसने ‘ए-३८०’ प्रकल्पाला डिसेंबर २००० मध्ये अधिकृत सुरुवात केली. दोन पूर्ण मजल्यांचे हे विमान चार देशांत मिळून तयार होत होते. पंख ब्रिटनमध्ये, शेपटीचे आडवे पंख आणि पोटाखालचे आवरण स्पेनमध्ये, नाक व मधला भाग फ्रान्समध्ये, तर धडाचा पुढचा व मागचा मोठा भाग आणि केबिनची सजावट जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये. हे अजस्र भाग जहाजाने बोर्दोजवळच्या बंदरात येत. तेथून नदीतून तराफ्यावर आणि मग रात्रीच्या वेळी रस्त्याने ते फ्रान्समधील तुलूझला पोहोचत. तुलूझमध्ये फक्त जोडणी करायची होती. प्रत्येक भाग आपल्या वायरिंगसह तयार होऊनच येईल, असे ठरले होते.

१८ जानेवारी २००५ रोजी तुलूझमध्ये चार देशांच्या नेत्यांच्या उपस्थितीत विमानाचे अनावरण झाले. २७ एप्रिल २००५ रोजी पहिले उड्डाण यशस्वी झाले. बाहेरून पाहणाऱ्यांना प्रकल्प उत्तम चालला आहे असेच वाटत होते. पण तुलूझच्या जोडणी केंद्रात वेगळेच घडत होते.

तारा आखूड का पडल्या?

एका ‘ए-३८०’मध्ये सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा असतात. म्हणजे मुंबईहून नागपूरच्या दिशेने निघालो तर अकोल्याच्या आसपास पोहोचू. सुमारे एक लाख स्वतंत्र तारा आणि ४० हजारांहून अधिक कनेक्टर. दिवे, आसनांसमोरचे पडदे, वातानुकूलन, इंधनाचे मोजमाप, नियंत्रणाचे संदेश असे सगळे त्यातून जाते. या तारा एकेक करून ओढत नाहीत. मोटारीच्या वायरिंग हार्नेसप्रमाणे त्यांची जुडगी आधीच ठरलेल्या लांबीची बनवतात आणि ठरलेल्या क्लिपांमधून विमानात बसवतात.

हॅम्बुर्गहून आलेली काही जुडगी तुलूझमध्ये बसवायला घेतली तेव्हा ती काही सेंटीमीटर आखूड पडत असल्याचे लक्षात आले. एवढ्याने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. घरातील वायरिंगमध्ये तुकडा जोडून टेप गुंडाळता येते, विमानात तसे चालत नाही. आखूड तार ताणली, की कनेक्टरवर ताण येतो. वेगळ्या वाटेने वळवली, की ती ठरलेल्यापेक्षा जास्त वाकते किंवा दुसऱ्या भागाला घासते. त्यामुळे ते जुडगे काढून वाट पुन्हा आखणे, नवे जुडगे बनवणे, तपासणे आणि मंजुरी घेणे, हे सगळे पुन्हा करावे लागते.

ताराची लांबी तिच्या वाटेवरून ठरते. वाट कोणत्या तुळईजवळून जाते, क्लिप कुठे आहे, वळण किती मोठे आहे, यावर ती अवलंबून असते. तुलूझमधील अभियंत्याने एखादा ब्रॅकेट चार बोटे सरकवला आणि तो बदल हॅम्बुर्गच्या संगणकात पोहोचला नाही, तर हॅम्बुर्गमध्ये जुन्याच वाटेची तार कापली जाणार. ‘ए-३८०’मध्ये असे बदल सतत होत होते, कारण प्रत्येक विमान कंपनीला केबिनची रचना वेगळी हवी होती. म्हणजे प्रत्येक ग्राहकाचे वायरिंगही वेगळे.

आणखी एक अडचण होती. वजन वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा घेतल्या होत्या. ॲल्युमिनियम हलके असते, पण तेवढीच वीज वाहून नेण्यासाठी तार जाड घ्यावी लागते आणि ती तांब्यासारखी कशीही वाकवता येत नाही. त्यासाठी जुडग्याची जाडी आणि वळणाची त्रिज्या यांचे खास नियम होते. हे नियम एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत नीट जात नव्हते.

‘व्ही-४’ आणि ‘व्ही-५’मध्ये एवढा फरक काय?

एअरबस ज्या सॉफ्टवेअरवर विमान रेखाटत होती त्याचे नाव ‘कॅटिया’. फ्रान्सच्या दसॉ या विमान कंपनीने १९७७ मध्ये ते स्वतःसाठी बनवायला घेतले. १९८१ मध्ये त्यासाठी दसॉ सिस्टीम्स ही वेगळी कंपनी स्थापन झाली. नव्वदच्या दशकात त्याची चौथी आवृत्ती, म्हणजे ‘व्ही-४’, विमान आणि मोटार उद्योगात सर्वदूर पोहोचली. ती प्रामुख्याने ‘युनिक्स’ प्रणालीच्या महागड्या संगणकांवर चालत असे.

दशकाच्या अखेरीस आलेली ‘व्ही-५’ नावाने पुढची आवृत्ती होती. प्रत्यक्षात ते नव्याने लिहिलेले सॉफ्टवेअर होते. ते विंडोजवरही चालत होते आणि त्याची डिझाइन साठवण्याची पद्धत वेगळी होती. तुलूझ आणि ब्रिटनमधील केंद्रे ‘व्ही-५’कडे गेली, तर हॅम्बुर्ग आणि स्पेनमधील केंद्रांनी ‘व्ही-४’ सुरू ठेवली.

येथे एक मूलभूत गोष्ट समजून घ्यावी लागेल. डिझाइनची फाइल म्हणजे वस्तूचे चित्र नव्हे. पुरणपोळीचा फोटो आणि पुरणपोळीची कृती यांत जो फरक आहे तोच येथे आहे. आधुनिक डिझाइन फाइलमध्ये वस्तू कशी घडली याची सगळी कृती असते. आधी हा ठोकळा काढला, मग त्याला काठापासून अमुक अंतरावर छिद्र पाडले, छिद्राचा व्यास त्या दुसऱ्या भागाच्या बोल्टवर अवलंबून ठेवला, वगैरे. त्यामुळे एका जागी माप बदलले, की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप बदलते.

फाइल एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत नेताना वस्तूचा आकार बहुतेक वेळा येतो. कृती मात्र पूर्ण येतेच असे नाही. काही अवलंबित्वे तुटतात, काही नियम गळतात, काही खुणा नुसत्या रेषा होऊन बसतात. पडद्यावर तो भाग अगदी तसाच दिसतो. फोटो मिळालेला असतो, पण कृतीची काही पाने गहाळ झालेली असतात.

मराठी फॉन्टच्या उदाहरणापेक्षा ही स्थिती जास्त धोक्याची ठरते ती यामुळेच. मजकूर बिघडला की पहिल्याच ओळीत दिसतो. डिझाइन बिघडले तर ते दिसत नाही. फाइल उघडते, भाग गोल फिरवून पाहता येतो, छपाईही होते. चूक कळते ती प्रत्यक्ष वस्तू हातात आल्यावर आणि ती शेजारच्या वस्तूला न जुळल्यावर. तोपर्यंत साहित्य आणलेले असते, कापलेले असते आणि विमानाचा अर्धा सांगाडा उभा असतो.

दोष सॉफ्टवेअरचा की व्यवस्थापनाचा?

‘सॉफ्टवेअरमुळे विमान रखडले’ हे वाक्य ऐकायला सोपे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. हॅम्बुर्गच्या बाजूनेही विचार करायला हवा. काम मध्यावर असताना संपूर्ण चमूचे साधन बदलायचे, शेकडो जणांना नव्याने शिकवायचे, तयार झालेली हजारो डिझाइन पुन्हा तपासायची, यात मोठा धोका होता. जुन्या आवृत्तीवर टिकून राहण्याचा निर्णय त्या केंद्रापुरता समजण्यासारखा होता. तुलूझचा नवी आवृत्ती घेण्याचा निर्णयही त्यांच्या बाजूने योग्यच होता, कारण एवढ्या गुंतागुंतीच्या विमानासाठी त्रिमितीय डिझाइनची नवी क्षमता हवीच होती. दोन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचे होते. ते एकाच विमानासाठी एकत्र आले, तेव्हा घात झाला.

मग दोघांनाही एकच आवृत्ती वापरायला लावण्याचा अधिकार कोणाकडे होता? उत्तरासाठी कंपनीचा इतिहास पाहावा लागतो. एअरबस १९७० पासून वेगवेगळ्या देशांतील कंपन्यांचा संघ म्हणून चालत होती. ती खऱ्या अर्थाने एक कंपनी झाली २००१ मध्ये. तोवर ‘ए-३८०’चे काम सुरू झाले होते. तिची पालक कंपनी ईएडीएसमध्ये तर एक फ्रेंच आणि एक जर्मन असे दोन समान अधिकाराचे प्रमुख होते. कारखाने, नोकऱ्या आणि पदे यांची दोन देशांत काटेकोर वाटणी होती. अशा घरात ‘तुमचे साधन बदला’ असे दुसऱ्याला सांगणे म्हणजे राजकीय भांडणाला आमंत्रण. त्यामुळे फाइलचे रूपांतर करून भागवत राहणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरला आणि रूपांतरात काय गळते याची तपासणी वेळेवर झाली नाही.

एअरबसच्या अनुभवाचा मुख्य धडा येथेच आहे. सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती वापरायची, हा संगणक विभागाचा किरकोळ प्रश्न समजला जातो. एकाच वस्तूवर अनेकजण काम करत असतील, तर तो प्रकल्पप्रमुखाने पहिल्या दिवशी घ्यायचा निर्णय असतो.

किंमत किती मोजावी लागली?

विमान उशिरा येणार, याची पहिली घोषणा जून २००५ मध्ये झाली. दुसरी १३ जून २००६ रोजी झाली. दुसऱ्या दिवशी ईएडीएसचा शेअर एकाच दिवसात सुमारे २६ टक्क्यांनी कोसळला. जुलैच्या सुरुवातीला एअरबसचे प्रमुख गुस्ताव हुम्बर्ट आणि ईएडीएसचे सहप्रमुख नोएल फोर्जार यांना पद सोडावे लागले. हुम्बर्ट यांच्या जागी आलेले क्रिस्तियां स्ट्रेफ यांनी वायरिंगचा पूर्ण आढावा घेतला आणि ३ ऑक्टोबर २००६ रोजी तिसरी घोषणा झाली, आणखी सुमारे एक वर्षाच्या विलंबाची. त्यानंतर आठवड्याभरात स्ट्रेफही बाहेर पडले. त्यांचा कार्यकाळ जेमतेम तीन महिन्यांचा ठरला.

या विलंबांमुळे २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोंची घट होईल, असा अंदाज ईएडीएसने तेव्हा जाहीर केला. नव्या वेळापत्रकानुसार २००७ मध्ये अवघे एक विमान दिले जाणार होते. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ रोजी मिळाले आणि २५ ऑक्टोबरला सिंगापूर ते सिडनी हे पहिले व्यावसायिक उड्डाण झाले. दरम्यान, मालवाहू ‘ए-३८०’ची मागणी नोंदवणाऱ्या फेडेक्सने नोव्हेंबर २००६ मध्ये दहा विमानांची ऑर्डर रद्द केली आणि बोइंगची ‘७७७’ मालवाहू विमाने घेतली. मार्च २००७ मध्ये यूपीएसनेही माघार घेतली आणि मालवाहू ‘ए-३८०’ कधीच बनले नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये एअरबसने ‘पॉवर-८’ ही खर्चकपातीची योजना जाहीर केली. चार वर्षांत १० हजार पदे कमी करण्याचे त्यात ठरले. कमकुवत डॉलर हे त्यामागचे एक कारण होते आणि ‘ए-३८०’चा विलंब हे दुसरे. म्हणजे आवृत्तीच्या घोळाशी काडीचाही संबंध नसलेल्या कामगारांच्या घरापर्यंत त्याची झळ पोहोचली.

‘ए-३८०’चे उत्पादन पुढे बंद झाले ते मात्र वेगळ्या कारणाने. दोन इंजिनांची, कमी इंधन खाणारी विमाने लांब पल्ल्यावर वापरात आली आणि चार इंजिनांच्या महाकाय विमानाला मागणी उरली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली. डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचे, २५१ वे विमान एमिरेट्सला मिळाले. तरीही बाजार अनुकूल असतानाची दोन मोलाची वर्षे हातून गेली, हे नाकारता येत नाही. मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांवर हे विमान नियमित सेवेत उतरू लागले ते २०१४ मध्ये.

एअरबसने मार्ग कसा काढला?

सुरुवातीच्या विमानांसाठी दुसरा इलाजच नव्हता. शेकडो जर्मन तंत्रज्ञ तुलूझला नेण्यात आले आणि सुरुवातीच्या सुमारे २५ विमानांचे वायरिंग मोठ्या प्रमाणावर हाताने, विमानात बसून दुरुस्त करण्यात आले. दरम्यान सर्व केंद्रांसाठी एकच साधन आणि एकच त्रिमितीय प्रतिरूप वापरण्याचे ठरले. त्यानंतरच्या विमानांचे वायरिंग नव्या पद्धतीने झाले.

जुलै २००७ मध्ये ईएडीएसने दोन प्रमुखांची पद्धत मोडीत काढली. लुई गॅलवा हे ईएडीएसचे एकटे प्रमुख झाले आणि टॉम एंडर्स एअरबसचे. पुढच्या ‘ए-३५०’ विमानाच्या वेळी कंपनीने सर्व केंद्रे आणि मोठे पुरवठादार एकाच सामायिक प्रतिरूपावर काम करतील अशी व्यवस्था सुरुवातीलाच केली. ते विमान जून २०१३ मध्ये उडाले आणि डिसेंबर २०१४ मध्ये पहिल्या ग्राहकाला मिळाले.

सर्वांना चालेल असा एकच फॉर्मॅट का नाही?

मराठीसाठी युनिकोड आले आणि फॉन्टचा घोळ बराचसा मिटला. डिझाइनच्या जगातही तसे प्रयत्न झाले. ‘स्टेप’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळपास प्रत्येक डिझाइन सॉफ्टवेअरला ‘स्टेप’ फाइल वाचता आणि लिहिता येते. पण ‘स्टेप’ने मुख्यतः वस्तूचा अंतिम आकार जातो, बनवण्याची कृती सहसा जात नाही. पुन्हा तोच फोटो आणि पुरणपोळीचा मामला. २०१४ मध्ये आलेल्या त्याच्या नव्या स्वरूपात मापांतील सूट, पृष्ठभागाच्या खुणा अशी उत्पादनाची माहितीही पाठवण्याची सोय झाली. मात्र ती पाठवणाऱ्याने भरायला हवी आणि घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला कळायला हवी.

यात व्यापाराचाही भाग आहे. ग्राहकाची वीस वर्षांची कामे ज्या फॉर्मॅटमध्ये अडकली आहेत, तो फॉर्मॅट ही सॉफ्टवेअर कंपनीची मोठी ताकद असते. ‘ऑटोकॅड’ची ‘डीडब्ल्यूजी’ फाइल इतरांनाही वाचता यावी, यासाठी १९९८ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘ओपन डिझाइन अलायन्स’ ही संस्था स्थापन केली, ती याच कारणाने.

एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही जुन्यातून नव्यात जाता येते, पण परतीची वाट बहुधा नसते. लोकप्रिय ‘सॉलिडवर्क्स’मध्ये नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल आधीच्या आवृत्तीत साठवून देण्याची सोय २०२४ च्या आवृत्तीपासून आली, तीही मागील दोन आवृत्त्यांपुरती. कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या पीएलसीच्या प्रोजेक्टचेही तसेच. नव्या आवृत्तीत एकदा रूपांतर झाले, की जुन्या सॉफ्टवेअरच्या लॅपटॉपवर ते सहसा उघडत नाही.

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपशी याचा काय संबंध?

‘कॅटिया’ बनवणाऱ्या दसॉ सिस्टीम्सचे मोठे संशोधन-विकास केंद्र पुण्यात आहे. म्हणजे जगभरातील कारखाने ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याच्या घडणीत मराठी अभियंत्यांचाही हात आहे. तेथून काही किलोमीटरवर भोसरी, चाकण, पुढे नाशिकचे सातपूर-अंबड येथील लहान पुरवठादार त्याच सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांशी झगडत असतात.

मोठी कंपनी नवी आवृत्ती घेते आणि पुरवठादाराला त्याच आवृत्तीची फाइल पाठवते. दोन संगणकांच्या टूलरूमला दरवर्षी नवा परवाना परवडत नाही. मग ‘स्टेप पाठवा’ असा निरोप जातो. आता एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या जॉबमध्ये एम-८ बोल्टचे आटे पाडायचे आहेत. त्यासाठी आधी ६.८ मिलिमीटरचे छिद्र पाडतात आणि मग टॅप मारतात. बहुतेक डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आटे प्रत्यक्ष कोरलेले नसतात, ती केवळ एक नोंद असते. रूपांतरात ती नोंद गळली, तर पुरवठादाराला दिसते फक्त ६.८ मिलिमीटरचे साधे छिद्र. सोबत ड्रॉइंगची पीडीएफ नसेल किंवा ती जुनी असेल, तर छिद्र तसेच राहते. आटे नंतरही पाडता येतील, पण मापातील सूट गळली आणि छिद्र मोठे झाले तर जॉब भंगारात जातो. तो तोटा बहुधा साखळीतील सर्वांत लहान माणसाच्या अंगावर पडतो, कारण ‘फाइल तुम्हाला दिली होती’ हे वाक्य मोठ्या कंपनीच्या बाजूने असते.

स्थलांतर करताना कोणती काळजी घ्यावी?

‘ए-३८०’च्या प्रकरणातून आणि डिझाइन कार्यालयांच्या रोजच्या कामातून काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली, चालू प्रकल्प मध्यावर बदलू नये. काम ज्या आवृत्तीत सुरू झाले त्यातच संपवावे आणि नवी आवृत्ती नव्या कामापासून सुरू करावी. बदलणे अटळच असेल, तर सर्वांनी एकाच दिवशी बदलावे. अर्धे जुन्यावर, अर्धे नव्यावर ही स्थिती सर्वांत वाईट.

दुसरी, आवृत्ती खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहावी. फाइल कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत मिळेल, सोबत ‘स्टेप’ आणि ड्रॉइंगची पीडीएफ असेल का, आणि दोहोंत फरक आढळल्यास कोणते ग्राह्य धरायचे, हे आधीच ठरले तर लहान पुरवठादाराला संरक्षण मिळते.

तिसरी, ‘फाइल उघडली’ म्हणजे ‘डिझाइन आले’ असे समजू नये. रूपांतरानंतर भागाचे वजन, आकारमान, भागांची संख्या आणि काही निवडक मापे जुन्या फाइलशी ताडून पाहावीत. नंतर एखादे माप मुद्दाम बदलून त्यावर अवलंबून असलेले भाग खरेच बदलतात का, ते तपासावे. कृती शाबूत आहे की फक्त फोटो आला आहे, हे त्यातून कळते. सगळ्यात सोप्या भागाऐवजी सगळ्यात किचकट भागावर ही चाचणी आधी घ्यावी.

चौथी, मूळ फाइल कधीही पुसू नये. नव्या आवृत्तीत साठवताना वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत ठेवावी. महत्त्वाच्या कामांची ‘स्टेप’ फाइल, पीडीएफ आणि शक्य असल्यास जुने सॉफ्टवेअर चालणारा एखादा संगणक जपून ठेवावा. तो इंटरनेटपासून तोडलेला असला म्हणजे झाले.

पुढे काय?

डिझाइन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या आता फाइलच नको, सगळी माहिती सामायिक सर्व्हरवर किंवा क्लाउडवर ठेवा, असे सांगत आहेत. एअरबसनेही २०१९ मध्ये दसॉ सिस्टीम्सबरोबर अशा एकत्रित व्यवस्थेसाठी पाच वर्षांचा करार केला. सर्वजण एकाच जागी, एकाच आवृत्तीवर काम करतील तर ‘ए-३८०’सारखा घोळ होण्याची शक्यता कमी होते. पण मग आपले डिझाइन पूर्णपणे दुसऱ्याच्या व्यवस्थेत जाते. भाडे थांबले किंवा कंपनीने सेवा बंद केली, तर वीस वर्षांपूर्वीचे काम कसे उघडायचे, हा प्रश्न उरतोच.

विमान, रेल्वेचा डबा किंवा धरणाचा दरवाजा तीस-चाळीस वर्षे वापरात राहतो. त्याचे डिझाइन ज्या सॉफ्टवेअरमध्ये झाले, त्याचे आयुष्य त्यामानाने खूपच कमी असते. म्हणून विमान उद्योगातील एअरबस आणि बोइंगसारखे प्रतिस्पर्धीही ‘लोटार’ या प्रकल्पात एकत्र आले आहेत. डिझाइनची माहिती सॉफ्टवेअर बदलले तरी दशकानुदशके वाचता यावी, हा त्याचा हेतू. एवढ्या मोठ्या कंपन्यांना हे काम एकेकट्याने जमत नाही. भोसरीतील दोन संगणकांच्या टूलरूमने ते स्वतःच्या हिमतीवर निभवावे, ही अपेक्षा त्यामुळे अन्यायाची ठरते. नवी आवृत्ती घेणाऱ्या मोठ्या कंपनीनेच आपल्या पुरवठादारांच्या स्थलांतराचा खर्च आणि तपासणी आपल्या हिशेबात धरायला हवी. एअरबसने तो खर्च आधी धरला नव्हता. नंतर तो अब्जावधी युरोंच्या घरात गेला.